तारण, ठेव आणि शेअर : गोव्याने पाहिलेल्या मोठ्या बँका

मोठ्या बँकेत पैसे घालावेत का, हा प्रश्न आज शेअर बाजाराच्या निमित्ताने विचारला जातो. गोव्यात तो दीडशे वर्षांचा आहे. एवढ्याशा ह्या प्रदेशाने लिस्बनहून सनद घेऊन आलेली बँक पाहिली, दिल्लीच्या वटहुकमाने एका रात्रीत सरकारी झालेल्या बँका पाहिल्या आणि पणजीत नोंदलेली, पुढे मुंबईच्या बँकेत विरून गेलेली बँकही पाहिली. ह्या प्रत्येक बँकेच्या दारात तीन प्रकारची माणसे होती : दागिना तारण ठेवणारी, ठेव ठेवणारी आणि बँकेचा भाग विकत घेणारी. बँक तीच असली तरी संकटाच्या वेळी तिघांच्या पदरात सारखे कधीच पडले नाही. पेडणे आणि डिचोली ह्या उत्तरेच्या दोन तालुक्यांच्या बाजूने पाहिले की हा फरक ठळक दिसतो. इथे बँक उशिरा पोचली आणि पोचली तेव्हा लोकांनी तिला आधी सोने दिले, मग ठेवी दिल्या आणि शेअरचा विचार सर्वांत शेवटी केला.

लिस्बनची सनद

बांको नासिओनाल उल्त्रामारिनो, म्हणजे ‘राष्ट्रीय सागरपार बँक’, १८६४ मध्ये लिस्बनमध्ये स्थापन झाली. फ्रांसिस्को द ओलिव्हैरा शामिसो ह्या व्यापाऱ्याने तिच्यासाठी भांडवल उभे केले. वसाहतींमध्ये शाखा उघडण्याचा आणि नोटा काढण्याचा हक्क तिला सरकारने दिला. पोर्तुगालची तिजोरी तेव्हा खंगलेली होती. वसाहती चालवायला पैसा हवा, पण तो सरकारकडे नाही, अशा स्थितीत खासगी भागधारकांचे भांडवल आणि सरकारी मक्तेदारी यांची सांगड घालणे हा सोपा मार्ग होता. १८६८ मध्ये ह्या बँकेची शाखा नोव्हा गोवा, म्हणजे आजच्या पणजीत आली.

गोव्याचा व्यवहार मात्र लिस्बनपेक्षा मुंबईशी जास्त होता. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज तहाने ते वास्तव कागदावर आले. इंग्रजांना गोव्याच्या मिठावर आणि जकातीवर ताबा हवा होता, पोर्तुगीजांना रेल्वे आणि बंदर हवे होते. तहानुसार गोव्याचे नाणे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाशी जुळवले गेले. राजा लुईशचा मुखवटा असलेली गोव्याची नाणी १८८१-८२ मध्ये चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली. रुपयाचे सोळा टांग, जसे इकडे रुपयाचे सोळा आणे. तह १८९२ मध्ये संपला, तरी रुपया टिकला. १९०६ पासून सागरपार बँकेच्या रुपयांच्या नोटा गोव्यात फिरू लागल्या. हिशेब हिंदुस्थानी, नोट पोर्तुगीज आणि नफा लिस्बनच्या भागधारकांचा, असा तो कारभार होता.

ह्या बँकेचा पेडण्या-डिचोलीच्या शेतकऱ्याला काय उपयोग होता? फारसा नव्हता. हे तालुके ‘नव्या काबिजादी’तले, अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे आलेले. जमिनी मोठ्या भाटकारांच्या. पेडण्याचे देशप्रभू तर पोर्तुगीज राजाकडून व्हिस्कोंद, म्हणजे उमराव, झालेले. डिचोली तालुक्यातले मये गाव एका कोंदच्या, म्हणजे काउंटच्या, मालकीचे. कसणारा कूळ होता, घरात राहणारा मुंडकार होता आणि दोघांच्याही हाती जमिनीचा कागद नव्हता. बँक कर्ज देते ते कागदावर. कागद नसलेल्याला दोनच वाटा उरत होत्या : गावचा सावकार, नाहीतर घरातले सोने.

सोन्याला मोजणी लागत नाही, भाटकाराची परवानगी लागत नाही. मुलीच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या पावसाळ्यात बी-बियाण्यासाठी गहाण पडायच्या आणि काजूचा हंगाम बरा गेला की सुटायच्या. सागरपार बँक दागिने तारण घेत असे, त्यामुळे सामान्य गोमंतकीयाचा ह्या मोठ्या बँकेशी पहिला खरा संबंध आला तो तारणदार म्हणून.

भागधारकी गोव्याला परकी होती, असे मात्र नव्हे. गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकरी संस्थांमध्ये गावकारांना वार्षिक वाटा मिळे आणि पुढे तर त्या संस्थांचे भाग विकले-घेतले जाऊ लागले. शेत, भाट, बांध यांच्या उत्पन्नातून त्यावर लाभांश मिळे. म्हणजे भाग घेणे, त्यावर दरवर्षी काही हाती पडणे, वाईट वर्षी काहीच न पडणे, हे सारे ठाऊक होते. फरक एवढाच, की गावकरीचे शेत गावातच होते आणि त्याचा बांध फुटला तर भागधारकाला डोळ्यांनी दिसत होता. बँकेचा बांध कुठे झिरपतो आहे हे लिस्बनलाही लवकर कळत नसे.

तीस आणि साठ एस्कुदोंच्या नोटा

दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोलीचे रूप पालटले. १९४७ पासून गोव्याचे लोहखनिज परदेशी जाऊ लागले. पुढच्या काही वर्षांत जपानच्या पोलाद कारखान्यांनी मागणी वाढवली आणि शिरगाव, पाळे, सांखळीच्या डोंगरांवर खाणी खोदल्या जाऊ लागल्या. ट्रक नदीकाठी माल ओतायचे, तिथून बार्ज मांडवीतून मुरगावकडे जायच्या. भाताच्या शेजारी मजुरीचा रोख पैसा आला. खाणमालकांची घराणी मोठी झाली आणि बँकेत येणाऱ्या पैशाची जातही बदलली.

त्याच सुमारास सीमा आवळली गेली. पोर्तुगाल गोवा सोडायला तयार नाही म्हटल्यावर १९५४ पासून भारताने आर्थिक नाकेबंदी सुरू केली. मुंबईत नोकरीला असलेल्या गोमंतकीयांनी घरी पाठवायचे पैसे अडले. पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्याच वर्षी रेल्वेही बंद पडली. ज्या गावांचा बाजार बांदा-सावंतवाडीत आणि पगार गिरगावात, त्यांना ही नाकेबंदी थेट चुलीपर्यंत जाणवली.

१९५९ मध्ये पोर्तुगालने गोव्याचा रुपया मोडीत काढून एस्कुदो आणला. एका रुपयाला सहा एस्कुदो हा दर. त्या वर्षीच्या बँकेच्या नोटा आज संग्राहकांकडे पाहायला मिळतात. त्यांवर आफोन्सो द आल्बुकेर्कचे चित्र आहे, आणि किमती आहेत ३०, ६०, १००, ३००, ६०० आणि १००० एस्कुदो. तीस आणि साठ असे विचित्र आकडे कुठला अर्थमंत्री निवडेल? पण सहाने भागून पाहिले की उलगडा होतो. तीसची नोट म्हणजे पाच रुपये, साठची दहा, तीनशेची पन्नास आणि सहाशेची शंभर. लिस्बनने चलनाचे नाव बदलले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या माणसाच्या डोक्यातला रुपया काही बदलता आला नाही, म्हणून नोटांनाच त्याच्या हिशेबाप्रमाणे वाकावे लागले.

ह्या नोटा फार काळ चालल्या नाहीत. डिसेंबर १९६१ मध्ये दोडामार्गाच्या बाजूनेही भारतीय सेना आत शिरली आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पण त्याआधीच सागरपार बँकेने तारण घेतलेले दागिने लिस्बनला हलवले होते. लोकांच्या हाती उरल्या पावत्या. कर्जाची रक्कम फेडायची तयारी असली तरी दागिना परत मागायचा कोणाकडे, हा पेच होता. सागरपार बँक आणि काइशा इकोनॉमिका द गोवा ही बचत संस्था, ह्या दोघांच्या येण्यादेण्याची व्यवस्था लावण्यासाठी भारत सरकारने १९६२ मध्ये स्वतंत्र बँक पुनर्रचना विनियम काढला. सोन्याचा प्रश्न त्याने सुटण्यासारखा नव्हता, कारण सोने दुसऱ्या देशाच्या तळघरात होते आणि त्या देशाशी भारताचे राजनैतिक संबंधच तुटलेले होते.

१९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली आणि वर्षअखेरीस भारताशी तह होऊन गोव्याचे विलीनीकरण मान्य झाले. त्याच वर्षी सागरपार बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. एकशे दहा वर्षे सरकारच्या सावलीत वाढलेल्या बँकेच्या खासगी भागधारकांची मालकी सरकारनेच संपवली. दागिने गोव्यात परत यायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. स्टेट बँकेमार्फत ते वाटले गेले, तोवर तीस वर्षे उलटली होती. ज्या मुलींच्या लग्नांसाठी ते केले होते त्या मुली आता आज्या झाल्या होत्या. पुढे २००१ मध्ये ही बँक पोर्तुगालच्या सरकारी काइशा जेराल बँकेत विलीन झाली. मकावमध्ये तिचे नाव अजून चालते, तिथे ती आजही नोटा काढते.

बँक बुडाली नव्हती; सोनेही कुणी खाल्ले नव्हते, ते परत आले. तरीही तारणदाराचे नुकसान झाले, कारण गरज होती तेव्हा त्याचा माल त्याच्या आवाक्यात नव्हता. बँक आपल्याला किती जवळची आहे, हे शाखेच्या अंतरावरून ठरत नाही. तिच्यावर कुणाचा हुकूम चालतो त्यावरून ठरते.

पिग्मी, पतपेढी आणि वटहुकूम

गोवा मुक्त झाला त्याच्या तेराव्या दिवशी, १ जानेवारी १९६२ रोजी, भारतात ठेव विमा सुरू झाला. त्यामागे १९६० मध्ये बुडालेल्या दोन बँका होत्या : केरळची पालाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक. हजारो ठेवीदार रस्त्यावर आल्यावर सरकारने ठरवले, की बँक बुडाली तरी दर ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंतची हमी राहील. हमी ठेवीदाराला होती. भागधारकाला अशी हमी तेव्हा नव्हती, आजही नाही.

मुक्तीनंतर गोव्यात बँकांची रीघ लागली. स्टेट बँक आली. कर्नाटक किनाऱ्यावरच्या कॅनरा, सिंडिकेट, कॉर्पोरेशन ह्या बँका आल्या. त्यांच्याकडे कोकणी बोलणारे कर्मचारी होते, त्यामुळे त्या चटकन रुजल्या. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली पिग्मी ठेव तर गोव्याच्या बाजारपेठांत घरची झाली. सुरुवातीला रोज दोन आणे, पुढे पाच-दहा रुपये. संध्याकाळी दुकानाच्या फळीवर पिग्मीवाला येऊन पैसे घेणार, छोट्या पुस्तकात आकडा लिहिणार. ज्या विक्रेतीने आयुष्यात बँकेची पायरी चढली नसती तिच्याकडे बँक रोज चालत येऊ लागली. सहकारी बँकाही उभ्या राहिल्या. डिचोलीची स्वतःची अर्बन बँक झाली. मुंबईत गोवा-कोकणातल्या सारस्वतांनी १९१८ मध्ये एक सहकारी संस्था काढली होती. तिचीच पुढे सारस्वत बँक झाली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या नागरी सहकारी बँकांमध्ये जाऊन बसली.

१९ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने पन्नास कोटींहून जास्त ठेवी असलेल्या चौदा बँका वटहुकमाने ताब्यात घेतल्या. त्यांत कॅनरा आणि सिंडिकेट होत्या, पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. बँकांचे कर्ज मोठ्या उद्योगांकडे जाते, शेतीच्या वाट्याला फारच थोडे येते, ही तक्रार खरी होती. राष्ट्रीयीकरणाने शाखा खेड्यांत गेल्या. गोव्यात त्याला कायद्यांची जोड मिळाली : १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, १९७६ ची कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती. कुळाच्या हाती हळूहळू कागद येऊ लागला आणि कागद आला तिथे कर्जही आले. मये गावची जमीन मात्र मालक पोर्तुगालला गेल्यामुळे निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात अडकली आणि तिथले लोक आणखी कित्येक दशके कागदाविना राहिले.

राष्ट्रीयीकरणाच्या दिवशी ठेवीदाराचे काही गेले नाही. उलट त्याची ठेव आणखी पक्की झाली. भागधारकाची मालकी त्या रात्री गेली. सेंट्रल बँकेचे संचालक आणि आणखी तीन बँकांचे भागधारक असलेले रुस्तम कावसजी कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी १९७० रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने दहा विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला. मुख्य हरकत होती ती नुकसानभरपाई ठरवण्याच्या पद्धतीला. चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला आणि चौदा बँकांच्या मालकांसाठी एकूण ८७.४० कोटी रुपये ठरले. कूपर खटला जिंकले. बँका सरकारकडेच राहिल्या.

पणजीत नोंदलेली बँक

१९९१ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर नरसिंहम समितीने खासगी बँकांना पुन्हा दार उघडण्याची शिफारस केली. जानेवारी १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम जाहीर केले : किमान शंभर कोटींचे भांडवल हवे, संगणकावर चालणारा कारभार हवा. पुढच्या दोन वर्षांत नव्या बँकांची पहिली तुकडी आली. तिच्यातल्या एका बँकेचे नोंदणीकृत कार्यालय पणजीच्या महात्मा गांधी रस्त्यावर होते. तिचे नाव सेंच्युरियन बँक.

३० जून १९९४ रोजी सेंच्युरियनची नोंदणी झाली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फायनान्स ही वित्त कंपनी आणि सिंगापूरचा केपेल समूह हे तिचे प्रवर्तक. वाहनकर्ज आणि भाडेखरेदी हा प्रवर्तक कंपनीचा जुना धंदा. पुढे ती कंपनीच बँकेत विलीन झाली आणि तिची कर्जेही बँकेकडे आली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मंदी आली तेव्हा ह्या कर्जांची वसुली अडली. भांडवल झिजू लागले.

ह्या टप्प्यावर बँकेचे गणित समजून घेतले पाहिजे. बँकेने शंभर रुपये कर्जाऊ दिले, तर त्यांत मालकांचे म्हणजे भागधारकांचे साधारण दहा रुपये आणि बाकी नव्वद ठेवीदारांचे असतात. शंभरातले पाच रुपये बुडाले तर ठेवीदाराला एक पैशाचीही तोशीस लागत नाही. भागधारकाचे मात्र निम्मे भांडवल जाते. दहा बुडाले तर सगळेच. ठेवीदार शांत झोपतो, कारण पहिला फटका दुसऱ्याने घ्यायचा हे आधीच ठरलेले आहे. त्या दुसऱ्याचे नाव भागधारक.

सेंच्युरियनमध्ये तो फटका २००३ च्या सुमारास बसला. सेबर कॅपिटल, बँक मस्कत यांसारख्या नव्या गुंतवणूकदारांनी पैसा घातला आणि जुन्या भांडवलाला कात्री लागली : शेअरची दर्शनी किंमत दहा रुपयांवरून एक रुपयावर आली. बँक वाचली, ठेवीदार वाचले. सावरलेल्या बँकेने मग झपाट्याने पाय पसरले. २००५ मध्ये बँक ऑफ पंजाबशी विलीनीकरण, २००७ मध्ये केरळची लॉर्ड कृष्णा बँक पोटात. नाव झाले सेंच्युरियन बँक ऑफ पंजाब, शाखा झाल्या ३९४. मे २००८ मध्ये ही सगळी बँक एचडीएफसी बँकेत विलीन झाली. सेंच्युरियनच्या २९ शेअरांना एचडीएफसीचा एक, असा दर ठरला.

आता हिशेब मांडू. एचडीएफसी बँकेने १९९५ मध्ये जनतेला शेअर दिले ते दहा रुपये दराने. शंभर शेअर घेणाऱ्याने हजार रुपये घातले. तेच शंभर शेअर सेंच्युरियनच्या वाटेने मिळवायचे तर २,९०० शेअर हवेत. ते सुरुवातीला दहा रुपयांच्या दर्शनी किमतीला घेणाऱ्याचे २९,००० रुपये गेले असते. एकाच दशकात, एकाच नियमावलीखाली, एकाच तुकडीत जन्मलेल्या दोन बँका. दोघींच्या मालकांच्या खर्चात एकोणतीस पटींचा फरक. त्यातला तिसराच माणूस शहाणा ठरला : २००३ च्या पडझडीत, शेअर मातीमोल असताना, पैसा घालणारा. आणि चौथा, ज्याची सेंच्युरियनमध्ये नुसती मुदत ठेव होती, त्याला ह्या साऱ्या उलथापालथीत पासबुकाचे फक्त कव्हर बदलावे लागले.

ह्या तुकडीतल्या इतरांचे काय झाले? टाइम्स बँक २००० मध्ये एचडीएफसी बँकेत गेली. ग्लोबल ट्रस्ट बँक २००४ मध्ये कोसळली. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्सने तिचे ठेवीदार सांभाळले, भागधारकांना मात्र काहीही मिळाले नाही. आज ज्यांची भरभराट डोळ्यांत भरते त्या दोन-तीन बँका ह्या गाळणीतून उरलेल्या आहेत. गाळात राहिलेल्यांचे तक्ते कोणी छापत नाही, म्हणून ‘तेव्हा बँकेचा शेअर घेतला असता तर’ ही हळहळ नेहमी अर्ध्याच माहितीवर उभी असते.

खाण थांबली तेव्हा

मग लहान, गावातली, ओळखीची बँक जास्त सुरक्षित का? त्याचे उत्तर सप्टेंबर २०१२ नंतरच्या काळाने दिले. बेकायदा खाणकामाच्या अहवालानंतर राज्य सरकारने १० सप्टेंबरला खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिचोली तालुक्यात घरटी ट्रक म्हणावे अशी गावे होती आणि बहुतेक ट्रक कर्जावर घेतलेले. ट्रक दारात उभा, टायर मातीत रुतलेले, हप्ता मात्र दर महिन्याला दारात. राज्य सरकारला खाणग्रस्त कर्जदारांसाठी सवलत योजना आणावी लागली. मध्यंतरी सुरू झालेल्या खाणी २०१८ च्या निकालाने पुन्हा बंद पडल्या.

अशा वेळी बँकेच्या मोठेपणाचा खरा अर्थ कळतो. देशभर कर्जे पसरलेल्या बँकेला डिचोलीचे थकीत ट्रक म्हणजे एका शाखेचा वाईट अहवाल. जिची सगळी कर्जे दोन-तीन तालुक्यांतच आहेत तिच्यासाठी तेच संकट जीवघेणे. ओळखीने कर्ज देणाऱ्या बँकेला ओळखीच्या माणसाकडे वसुलीला जाणेही जड जाते.

बार्देश-पेडण्याच्या लोकांची बाजारपेठ म्हणजे म्हापसा. तिथल्या म्हापसा अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि ठेवीदारांना आपलेच पैसे काढता येईनासे झाले. एखाद्या मोठ्या बँकेत विलीन होण्याची आशा वर्षानुवर्षे लांबत गेली. १६ एप्रिल २०२० रोजी परवाना रद्द झाला. त्यात एक योग असा आला, की १९९३ पासून एक लाखावर गोठलेली ठेव विम्याची मर्यादा त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला पाच लाखांवर गेली होती. परवाना अडीच महिने आधी रद्द झाला असता तर कित्येकांचे लाखापुढचे पैसे अवसायकाच्या दारात अडकले असते. मर्यादा वाढल्यामुळे ९९ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. पुढच्या वर्षी मडगाव अर्बनचाही परवाना गेला. ह्या अशा रखडपट्ट्या पाहूनच २०२१ मध्ये कायदा बदलला : निर्बंध घातल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराच्या हाती पडली पाहिजे. म्हापशाच्या ठेवीदारांनी मात्र जवळजवळ पाच वर्षे वाट पाहिली होती.

मोठ्याहून मोठ्या

सरकारी बँकाही ह्या काळात सुखात नव्हत्या. मार्च २०१८ मध्ये त्यांच्या एकूण कर्जांपैकी १४.६ टक्के थकीत होती. सरकारने अब्जावधींचे नवे भांडवल ओतले. बँका तगल्या, पण नवे शेअर निघाल्यावर जुन्या किरकोळ भागधारकाचा वाटा पातळ होत गेला. मग विलीनीकरणे आली. १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांच्या चार झाल्या. सिंडिकेट कॅनरात गेली, कॉर्पोरेशन युनियन बँकेत. गोव्याच्या बाजारांत पिढ्यान् पिढ्या वाचलेल्या पाट्या उतरल्या.

खासगी बाजूला त्याच वर्षाने दोन धडे दिले. मार्चमध्ये येस बँक कोलमडली. स्टेट बँकेच्या पुढाकाराने ती उभी केली गेली आणि ठेवीदारांचा पैसा वाचला. पण ‘बँकेचे रोखे म्हणजे मुदत ठेवीसारखेच’ असे समजून अनेकांनी घेतलेले ८,४१५ कोटींचे रोखे शून्यावर लिहिले गेले. ते भांडण कोर्टात गेले. नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँक सिंगापूरच्या डीबीएसच्या भारतीय बँकेत विलीन झाली. ठेवीदार सुखरूप, भागधारकांचे भांडवल पूर्ण पुसले गेले.

रिझर्व्ह बँकेने तर आता काही बँका उघडपणे वेगळ्या काढल्या आहेत : २०१५ मध्ये स्टेट बँक आणि आयसीआयसीआय, २०१७ मध्ये एचडीएफसी. ह्या कोसळल्या तर सगळी व्यवस्था हादरेल, म्हणून त्यांनी जास्त भांडवल राखायचे. ही काळजी ठेवीदारांची आणि देशाच्या व्यवहाराची आहे. शेअरचा भाव पडू नये अशी जबाबदारी त्यात कोणीही घेतलेली नाही. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि देशातली सर्वांत मोठी खासगी बँक आणखी अवाढव्य झाली. गृहकर्जे आली, पण त्या प्रमाणात ठेवी आल्या नाहीत; कर्जे ठेवींपेक्षा जास्त झाली. १७ जानेवारी २०२४ रोजी तिमाही निकालानंतर तिचा शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त घसरला. त्या दिवशी एकाही ठेवीदाराची झोप उडाली नाही.

इथेच पेडणे-डिचोलीचा आजच्या मोठ्या बँकांशी संबंध जुळतो. गोव्यात ठेवी भरपूर आणि कर्जे कमी. शंभर रुपयांच्या ठेवीमागे पन्नास रुपयेही कर्जाऊ जात नाहीत. परदेशातली कमाई, जमिनीच्या विक्रीचे पैसे, मोपाच्या विमानतळामुळे पेडण्याच्या पठारावर चढलेले भाव, हे सगळे मुदत ठेवींत जाऊन बसते आणि तिथून मुंबई-दिल्लीच्या कर्जदारांकडे वाहते. ठेवींची चणचण असलेल्या बँकांना असा प्रदेश सोन्यासारखा. म्हणूनच छोट्याशा तालुक्याच्या गावीही एका रस्त्यावर इतक्या बँकांच्या पाट्या दिसतात.

मग मोठ्या बँकेत पैसे घालावेत का? ठेवीपुरते उत्तर सोपे आहे. १९६२ पासूनचा सगळा प्रवास ठेवीदाराला राखण्याचा आहे आणि आजच्या मोठ्या बँकेत ठेव बुडण्याची वेळ आली तर राज्यसंस्था मध्ये पडते, हे पुन्हा पुन्हा दिसले. लहान बँकेत ठेवताना पाच लाखांची रेघ लक्षात ठेवली की पुरे. शेअरपुरते उत्तर उलटे आहे. मोठेपणा ही कालच्या कामाची कमाई असते आणि शेअर घेताना तिची किंमत आधीच वसूल केलेली असते. पुढचा नफा ठरतो तो बँकेने आज कुणाला, कशाच्या भरवशावर कर्ज दिले आणि ते बुडाले तर भागधारकाच्या दहा रुपयांतले किती उरतील, ह्यावर. वार्षिक अहवालात थकीत कर्जे आणि भांडवल ही दोन पाने असतात. ज्याला ती वाचायची नाहीत त्याने मोठ्या बँकेचा ठेवीदार व्हावे, मालक होऊ नये. आणि ज्याला व्हायचेच आहे त्याने एकाच बँकेचे होऊ नये, कारण १९९४ च्या तुकडीतली कुठली तरेल आणि कुठली विरघळेल हे त्या वर्षी पणजीत कोणालाच सांगता आले नसते.